नंबरात लावलेला डब्बा

त्या दिवशी चार्जिंगवर आम्ही पाच माणसं होतो. मी, माझा मुलगा विनय, सूनबाई स्मिता, कांचघरच्या एक मास्तरीणबाई अन् एक चष्मेवाले भाईसाब. त्यातल्या चौघांचं काहीच चुकलं नाही.

मी तिसरीपर्यंत शिकली, तेही तिसरी अर्धीच. म्हणून मी बोलून राहिली अन् एक पोरगी मोबाईलवर लिहून घेऊन राहिली. (ती आतापासूनच हसून राहिली आहे. अजून तं काही झालंच नाही!)

माझा नातू निखिल नागपूरला नोकरीला. त्याचा साखरपुडाही नागपूरलाच, दुपारी दोनचा मुहूर्त. अंगठी आमच्याजवळ, मुलीची साडी आमच्याजवळ, बेसनाच्या लाडवांचा स्टीलचा डब्बा माझ्या मांडीवर. अन् गाडी बॅटरीची! मुलीच्या आईने फोनवर दोनदा विचारलं होतं, "बॅटरीच्या गाडीने येऊन राहिले? पोहोचाल ना?" विनय छाती फुगवून म्हणाला, "मुहूर्ताच्या एक घंटा आधी पोहोचू!"

आदल्या संध्याकाळी जबलपूरला आमच्या चेरीतालचा ट्रान्सफॉर्मर फट्ट करून उडाला. गाडी रात्रभर वायर लावून उभी, अन् वायरीत लाइटच नाही! सकाळी पाहतो तं तेवीस टक्के. तेवीस! एवढे तं मला तिसरीत मार्क भेटले होते, अन् त्यात मी कुठवर पोहोचली ते तुम्ही पाहूनच राहिले.

टॅक्सीवाल्यांना फोन केले. लग्नसराई, एकही रिकामा नाही. विनय म्हणाला, "चलो, बाहेर चार्ज करू. पाऊण घंटा लागेल." नागपूर रोडवर एका जागी चार्जिंग आहे, तिथे गेलो. कपाटाएवढी मशीन, तिला दोन जाड नळ्या.

"याला गन म्हणतात, आई."

"बंदूक काहून? नळ म्हण नळ!"

एका नळावर मास्तरीणबाईंची छोटी लाल गाडी, दुसऱ्यावर भाईसाबची मोठी पांढरी. आमचा नंबर तिसरा.

आता नळाची रांग मला कोणी शिकवू नये. कांचघरला आम्ही राहत होतो तेव्हा सोळा घरांत एक नळ. पाणी पहाटे यायचं, पाऊण घंटा, की खलास. विनय पोटात होता, आठवा महिना, तरी दोन घागरी अन् एक बादली मीच आणत होती. यांची फॅक्टरीची पाळी, सासू अंथरुणाला. रडायलाही जमलं नाही, रडत बसली असती तं नंबर गेला असता. पण कायदे पक्के होते. माणूस नसलं तरी भांडं उभं असलं की नंबर लागला. घागर गळ्यापर्यंत भरली की उचलायची, काठोकाठचा लोभ नाही. अन् जिची भरली ती गप्पा हाणत असेल, तं मागचीने नळ बंद करायचा, तिची घागर बाजूला ठेवायची अन् आपली लावायची. कोणी काही म्हणत नव्हतं. (म्हणत होत्या. पण तोवर आपली घागर भरलेली असायची!)

म्हणून मी गाडीतून उतरली अन् लाडवांचा डब्बा मशीनसमोर मांडला. झाकणावर यांचं नाव कोरलेलं आहे, म्हणजे वादच नको.

मास्तरीणबाईंनी काच खाली केली. "अम्मा, ये क्या है?"

"नंबर है."

"किसका?"

"गाड़ी मेरे लड़के की, नंबर मेरा!"

विनय तोवर भाईसाबजवळ गेला होता. ते आपल्या गाडीला टेकून उभे होते. "भाईसाब, आपका अस्सी हो गया है. हम लगा लें क्या?"

"बस थोड़ा और," भाईसाब म्हणाले. "मुझे नागपुर जाना है, रास्ते का भरोसा नहीं. नब्बे होते ही हटाता हूँ."

"हाँ जी, हाँ जी, आराम से!"

विनय असाच आहे, अगदी बापासारखा. हेही जन्मभर "हाँ जी" करत राहिले, अन् नळावर भांडायला मी!

विनयने मला समजावलं, की ऐंशीच्या पुढे बॅटरी हळू हळू भरते, म्हणून मागे कोणी उभं असलं की ऐंशीवर गाडी काढून घ्यायची. कायदा नाही, रीत आहे.

"मग हा काहून काठोकाठ भरून राहिला?"

"आई, हळू," स्मिता म्हणाली.

"काहून हळू? त्याला काय समजून राहिलं?"

आम्हा जबलपूरच्या मराठी माणसांना एवढं एक सुख आहे. घरात मराठी, बाहेर सगळी हिंदी. भाजीवाल्यासमोर त्याच्या भेंडीला नावं ठेवा, डॉक्टरसमोर डॉक्टरला, कोणाला काही समजत नाही! जन्म काढला मी या सुखावर. तं मी भाईसाबपासून दोन हातांवर उभी राहिली, चेहरा गोड ठेवला, अन् सुरू झाली.

"पाहा गं, पुढून केस रंगवले अन् मागून विसरला. चष्मा एवढा जाड, पण मागची रांग नाही दिसत. हा आमच्या नळावर असता तं याची घागर मी नालीत ठेवली असती! याची बायको कशी नांदत असेल, बिचारी! उपाशीच उठत असेल ताटावरून. हा आधी काठोकाठ जेवत असेल!"

भाईसाबने माझ्याकडे पाहून हात जोडले. "माताजी, बैठिए ना, धूप है." स्वतःची घडीची खुर्ची काढून दिली. मी बसली. बसून बोलायला अजून बरं पडलं.

मग भाईसाब रोडपलीकडे पोहे खायला गेले. विनयही त्यांच्यामागे चहा घ्यायला गेला. मशीनवर अठ्ठ्याऐंशी. घड्याळात साडेआठ वाजून गेले. मला नातवाची अंगठी दिसू लागली, गुरुजी घड्याळ पाहताना दिसू लागले, मुलीची आई म्हणताना दिसू लागली, 'सांगितलं होतं ना, बॅटरीची गाडी!' माझ्याने राहवलं नाही. पाहुणा पोहे खाऊन राहिला, घागर भरली आहे, कायद्याने नळ बंद करायची पाळी माझी!

मशीनवर मधोमध एक मोठं लाल बटन होतं. इतकं मोठं, इतकं लाल, की मला वाटलं म्हाताऱ्या माणसांसाठीच बसवलं आहे. मी दाबलं.

टुंईंईं... फुस्स!

पंखा बंद. लाइट बंद. पडदा काळा. एक नळ नाही, दोन्ही नळ बंद! मास्तरीणबाई दार उघडून धावत आल्या. "अरे! मेरी इकतालीस पे अटक गई! अम्मा, क्या किया आपने?"

"कुछ नहीं किया. चालू करती हूँ ना!" म्हणून मी ते बटन नळ खोलतो तसं फिरवलं. ते उलटं फिरवायचं असतं, हे मला काय माहीत? 'कट्ट' असा आवाज आला. स्मिताने डोळे मिटून घेतले. तिला देव आठवत होता की माहेर, ते मी विचारलं नाही.

विनय चहा सांडत आला. मशीनवर लिहिलेल्या नंबरवर फोन लावला. दहा मिनिटं गाणं वाजलं, मग एक बाई स्पीकरवर बोलली, "सर, आपके स्टेशन से इमरजेंसी बटन दबाया गया है. क्या इमरजेंसी है? आग लगी है?"

विनय माझ्याकडे पाहू लागला. म्हणून मीच सांगितलं, "आग नहीं लगी बेटा, नंबर लगा है!"

पलीकडची बाई कामाला लागली. मग तिने बटन असं फिरवा, तसं फिरवा, वीस मिनिटं सगळं करून पाहायला लावलं. बटन वर आलं, पण मशीन काही उठली नाही. "इंजीनियर भेजते हैं. दो-तीन घंटे लगेंगे." अन् तिथेच विनयच्या फोनची बॅटरी संपली. गाडीत तेवीसही नाही, फोनमध्ये शून्य!

मास्तरीणबाई भल्या. म्हणाल्या, "पनागर के स्कूल तक तो पहुँच जाऊँगी. पर अम्मा, आगे से पूछ लिया करो." मी मान खाली घातली. विनय पायरीवर बसला, डोक्याला हात लावून. त्याचा चेहरा पाहून मला पहिल्यांदाच वाटलं, की काही चुकलं असेल.

तेवढ्यात भाईसाब रुमालाने हात पुसत आले. विनयने सगळं कबूल केलं. मी म्हटलं, झालं, आता हा माणूस भांडणार! तं ते म्हणतात काय, "अठासी में नागपुर हो जाएगा. बेटे की सगाई है ना आपके? मेरी गाड़ी में बैठिए. अपनी गाड़ी उधर किनारे लगा दीजिए, पॉइंट के सामने मत छोड़िएगा."

आम्ही बसलो. विनय पुढे, मी अन् स्मिता मागे. स्मिताचा मोबाईल पर्समध्ये, पर्स डिकीत. मी अंगठी पदरात घट्ट धरून बसली. पण तोंड कोणी धरायचं?

"माणूस वाईट नाही गं," मी स्मिताला म्हटलं. "फक्त लोभी आहे. अन् गाडी पाहा कशी चालवतो, बैलगाडीवाला बरा!" स्मिता कोपराने ढोसून राहिली. मी आपली चालू. "अन् त्या मुलीचा मामा, आपण पाहिलेलाही नाही, सतन्याहून येणार आहे म्हणे. सगळं त्यानेच ठरवलं. जेवणात गोड दोनच! साखरपुड्याला दोनच गोड! चिकट दिसतो मेला."

पुढे भाईसाबचे खांदे हलून राहिले होते. मला वाटलं, रस्ता खराब आहे.

लखनादौन सुटलं अन् गाडीतच फोन वाजला. सगळ्या गाडीत बाईचा आवाज, "दादा, कुठे पोहोचलास रे?"

भाईसाब म्हणाले, "लखनादौन सोडलं गं. दीडपर्यंत येतो."

मराठीत! स्वच्छ मराठीत!

"अरे, मुलाकडचे फोन उचलून नाही राहिले! ती बॅटरीची गाडी, कुठे अडकले देव जाणे! मला तं रडू येऊन राहिलं."

"रडू नको. माझ्याच गाडीत आहेत सगळे. आजीही आहेत."

"अगं बाई! कशा आहेत रे आजी स्वभावाने?"

भाईसाबने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी पदराची गाठ सोडत होती, बांधत होती. विनय खिडकीबाहेर पाहून राहिला होता. सगळं लग्न त्या माणसाच्या जिभेवर येऊन थांबलं होतं.

"एकदम सरळ," मामा म्हणाले. "पोटात काहीच ठेवत नाहीत."

फोन बंद झाला. शिवनी आलं. मग मीच घसा साफ केला.

"तुम्ही मराठी?"

"जन्मापासून, आजी."

"मग आधी काहून नाही बोलले?"

"तुम्ही बोलून राहिल्या होत्या. मधे कसा घुसू? नंबर तुमचा होता."

मी म्हटलं, "मामा, चुकलं माझं. तुम्ही नव्वद म्हटलं होतं, मी अठ्ठ्याऐंशीवर तोडलं. अन् जीभ तं मी तोडलीच नाही." मग ते इतके हसले, की गाडी बाजूला घेऊन चष्मा पुसावा लागला.

दीडला पोहोचलो. मुहूर्त भेटला, अंगठी बोटात बसली, मी मन मोकळं करून रडली. कांचघरच्या नळापासूनचं साठलेलं सगळं त्या दिवशी काढून टाकलं. पंगत बसली तेव्हा मामा वाढायला आले, अन् माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "आजी, तुमचे लाडू येणार म्हणून मी दोनच गोड सांगितले होते. तिसरं गोड कुठे आहे?"

माझा घास हातातच राहिला. डब्बा! मशीनसमोर! नंबरात!

दुसऱ्या दिवशी विनय गाडी आणायला गेला. मशीन चालू, गाडी जागेवर, डब्बा नाही. अन् ही लिहून घेणारी पोरगी म्हणजे आमची नवी नातसून ऋचा, त्याच मामांची भाची. (ती आता हसून हसून खाली बसली आहे. लिही गं, हेही लिही!)

तं वाचणाऱ्यांना माझं एवढंच मागणं आहे. चार्जिंगवर दुसऱ्याच्या गाडीला हात लावायच्या आधी एकदा मालकाला विचारत जा, पोहे खाऊन येईपर्यंत थांबा. हे मी मराठीत सांगून राहिली, म्हणजे बाहेर कोणाला समजायचं नाही. अन् झाकणावर नाव कोरलेला डब्बा कोणाजवळ असला, तं लाडू खाल्ले असतील त्याची काही हरकत नाही, डब्बा तेवढा चेरीतालला आणून द्या.