हरकतकाका आणि कलम सात

राज्याच्या विधिमंडळात एखादं विधेयक यायचं म्हटलं की आधी त्याचा मसुदा राजपत्रात छापतात आणि शेवटी एक ओळ टाकतात: नागरिकांनी आपल्या हरकती व सूचना तीस दिवसांच्या आत समितीकडे पाठवाव्यात. ती ओळ कुणी वाचत नाही हे छापणाऱ्यालाही ठाऊक असतं. पण अख्ख्या राज्यात एक माणूस ती वाचायचा, आणि मनावरही घ्यायचा. घरी दाराला नीट नाव लावलेलं असूनही त्याला सगळे हरकतकाका म्हणायचे.

काका वजनमापे खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक होते. ते कोपऱ्यावर दिसले की दुकानदार तराजू पुसायला घ्यायचे. लाच तर सोडाच, तपासणीला गेल्यावर ते दुकानातलं पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. अशा माणसाला सरकारने एक दिवस हार घालून घरी बसवलं. जित्याची खोड ती, हाराने थोडीच जाते. पहिले सहा महिने काकांनी घरच तपासायला घेतलं. साबणाच्या वडीचं वजन केलं, दुधाची पिशवी मापात ओतून पाहिली, आगपेटीतल्या काड्या मोजल्या. सातव्या महिन्यात काकूंनी त्यांच्या हातात वाचनालयाचं कार्ड ठेवलं.

"तिथे जाऊन बसत जा," काकू म्हणाल्या. "पंखा आहे, आणि मोजायला पुस्तकंही आहेत."

वाचनालयात राजपत्र यायचं आणि न उघडता रद्दीत जायचं. काकांनी ते उघडलं, आणि आंधळ्याला डोळे मिळावेत तसा त्यांना आनंद झाला. इतक्या चुका एका जागी त्यांना अख्ख्या नोकरीत सापडल्या नव्हत्या.

मग अकरा वर्षांत एकशे त्रेसष्ट विधेयकं झाली आणि एकशे त्रेसष्ट पत्रं गेली. कुत्र्याची दोरी किमान सहा फूट असावी असं एका विधेयकात होतं. काकांनी आपल्या इमारतीची लिफ्ट मोजून कळवलं, की लिफ्ट साडेतीन फूट आहे, सबब दार लागताना कुत्रा आत आणि मालक बाहेर राहील. समितीकडून दर वेळी छापील पोच यायची: आपली सूचना विचाराधीन आहे. काका सगळ्या पोचा तारखेनुसार लावून ठेवायचे. एकशे त्रेसष्ट सूचनांचा कुणीतरी विचार करत बसलंय, या कल्पनेने त्यांना फार बरं वाटायचं.

एकदाच पत्राला उशीर झाला. काकांचं डोळ्याचं ऑपरेशन होतं, आणि नेमकं तेव्हा हातगाडी विधेयक आलं. पत्र पोचलं त्याच्या तीन दिवस आधी ते मंजूर होऊन गेलं होतं. त्यात हातगाडी म्हणजे काय, तर 'हाताने ढकलली जाणारी कोणतीही चाकांची गाडी' असं लिहिलं होतं. पुढच्याच आठवड्यात बागेत एका हवालदाराने एक बाबागाडी अडवली आणि परवाना मागितला. गाडीत समितीच्या अध्यक्षांचा नातू होता. अध्यक्षांनी फाइल मागवली, आणि तीत काकांचं पत्र वरच होतं: 'या व्याख्येत बाबागाड्याही येतात.' काकांना यातलं वर्तमानपत्रात आलं तेवढंच कळलं. त्यांनी ते कात्रण कापून ठेवलं.

काकूंना या सगळ्याचं कौतुक बेताचंच. त्यांना वेळही नव्हता. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांचं शिवणयंत्र होतं आणि त्यावर त्या तीस वर्षं लोकांचे कपडे दुरुस्त करत होत्या. पँट आखूड कर, चेन बदल, बारीक झालेल्या माणसाला कपडा बसव, जाड झालेल्याला न बोलता उसवून दे. गळ्यात कायम मोजायची पट्टी. ही पट्टी म्हणजे काकांच्या संसारातलं शल्य होतं. साठ इंची कापडी पट्टी, पण लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात तिचं टोक इस्त्रीखाली जळलं आणि पहिला इंच गेला. काकू आकडा वाचायच्या, त्यातून एक वजा करायच्या आणि कापायच्या. कपडा कधी चुकला नाही. पण बाजारात पाव इंच कमी भरणारी पट्टी जप्त करणारा माणूस घरी रोज इंचभर तुटकी पट्टी बघत जेवायचा.

"गुन्हा आहे हा," ते दर वर्षी एकदा म्हणायचे. "मी नवी आणतो."

"हिला मी ओळखते," काकू म्हणायच्या. "नवीची सवय कोण करणार?"

तर, एक दिवस महापालिकेची नोटीस आली. राहत्या घरात व्यवसाय करता येत नाही, सबब शिवणयंत्र हटवावे. वरच्या मजल्यावर नवा भाडेकरू आला होता. त्याला दुपारी झोपायची सवय होती आणि अर्ज लिहिण्याचीही. काकू नोटीस घेऊन महापालिकेत गेल्या. तिथला साहेब माणसासारखा बोलला. म्हणाला, "काकू, घरगुती व्यवसायांना परवानगी देणारं विधेयक आलंय. याच अधिवेशनात झालं तर ही नोटीस आपोआप रद्द. नाही झालं, तर मात्र पहिल्या तारखेला मशीन उचलावं लागेल."

काका त्या दिवशी वाचनालयात गेले ते डोळ्यांत तेल घालून. मसुदा चौदा पानी होता. सवयीने त्यांनी पेन्सिल काढली आणि पानागणिक चुका निघू लागल्या. सातव्या कलमाशी मात्र पेन्सिल थांबली. शेगडी आणि यंत्र यांच्यात किमान दहा फूट अंतर हवं, असं त्यात म्हटलं होतं.

घरी येऊन त्यांनी कपाटातला स्टीलचा टेप काढला. प्रमाणित, सरकारी शिक्क्याचा, निवृत्तीच्या वेळी भेट मिळालेला. शेगडी ओट्यावर मागच्या भिंतीला टेकलेली, यंत्र पुढच्या भिंतीला टेकलेलं. अंतर भरलं नऊ फूट पावणेदहा इंच. काकांनी यंत्रामागचा गिलावा चमच्याने खरवडला आणि पाव इंच मिळवला. नऊ फूट दहा इंच. त्यापुढे वीट लागली. घरच दोन इंच कमी होतं, त्याला कोण काय करणार?

काकूंनी टेपवरचा आकडा पाहिला आणि जमिनीवर पडलेला गिलावा झाडला. नंतर दोरा ओवता ओवता म्हणाल्या, "अहो, या एकाला सोडा. बाकीच्यांना काय काढायच्या त्या खोड्या काढा. या एका विधेयकाला हात लावू नका."

काकांनी बायकोकडे पाहिलं. यंत्राशिवाय ती कशी दिसते हे त्यांना आठवेना. ती खिडकी, तिथे कपडे घेऊन येणाऱ्या बाया, त्यांच्या गप्पा, पायडलचा आवाज, हे सगळं उचलून नेलं तर त्या खोलीत मागे काय उरेल याची त्यांना भीती वाटली. "नाही लावत," ते म्हणाले.

आणि खरंच, काका मूग गिळून बसले. तीस दिवस. काय यातना झाल्या असतील त्या माणसाला! अंगाला खाज सुटावी आणि हात बांधलेले असावेत, तशी गत. तेराव्या कलमात आणि चौथ्या कलमात उघड उघड भांडण होतं. ते त्यांना जेवताना आठवायचं आणि घास तसाच हातात राहायचा.

मुदत संपली. अधिवेशन सुरू झालं. मंजूर व्हायच्या विधेयकांची यादी रोज वर्तमानपत्रात यायची आणि काकूंचं विधेयक तीत नसायचं. मासेमारीचं आलं, घंटागाड्यांचं आलं, आमदारांच्या भत्त्याचं तर एका दुपारीत येऊन मंजूरही झालं. अधिवेशनाचे चार दिवस उरले तेव्हा काकूंनी यंत्रावर कापड टाकलं.

"चला," त्या म्हणाल्या. "कुठे घोडं पेंड खातंय ते बघून येऊ."

समितीचं कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं. टेबलाशी बसलेल्या कारकून बाईंना काकांनी नाव सांगितलं. ते काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. मग काका जरा ओशाळून म्हणाले, "हरकतीची पत्रं पाठवतो, तो मी."

बाई उठूनच उभ्या राहिल्या. "काका, तुम्ही? अहो, होतात कुठे? आम्हाला वाटलं, आजारी आहात की काय. परवा अध्यक्षसाहेबांनी शिपाई पाठवून तुमची चौकशी करायला सांगितलं."

"का?"

बाईंनी कपाटातून फाइल काढून समोर ठेवली. वर चिठ्ठी टाचलेली होती: 'काकांचे पत्र अप्राप्त. आल्याशिवाय मतदानास ठेवू नये.'

"त्या बाबागाडीपासून नियमच आहे आमच्याकडे," बाई म्हणाल्या. "लेखी नाही, पण आहे. तुमचं पत्र आलं की आम्ही ते फाइलला लावतो, हरकतीचा विचार केला असा शेरा मारतो आणि पुढे पाठवतो. पत्रच आलं नाही, तर अध्यक्ष म्हणतात, थांबा, काहीतरी मोठं सापडलेलं दिसतंय."

एवढ्या वर्षांत आपलं कुणी ऐकतं की नाही, ही शंका काकांना अधूनमधून चाटून जायची. आणि ऐकलं ते नेमकं आपण गप्प बसलो तेव्हा.

"मुदत तर संपली," ते कसेबसे म्हणाले.

"तुमचं पत्र मी मागच्या तारखेने घेते. पण काका, मोठी हरकत असेल तर कलम दुरुस्तीला जाईल, मग पुढच्या अधिवेशनात. साधीशी काहीतरी असू द्या."

काकूंनी बाकावर जागा केली आणि नवऱ्याला कोपराने ढोसलं. "अहो, घाला हरकत. तीस दिवस पोटात धरलीय ना?"

काका कागद घेऊन बसले. साधीशी हरकत त्यांनी जन्मात घेतली नव्हती. कलम सात पेनाच्या टोकाशी आलं होतं. दहा फूट का? नऊ का नाही? कुठल्या शास्त्राने? खरी हरकत तीच होती. पण ती लिहायची तर आपलं घर नऊ फूट दहा इंच भरतं हेही लिहायला हवं. काहीतरी दडवून हरकत घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. शिवाय दुरुस्ती म्हणजे पुढचं अधिवेशन, आणि पहिली तारीख पाच दिवसांवर. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या.

शेवटी त्यांनी कलम बारा घेतलं. व्यवसाय करणाऱ्याने दाराबाहेर एक फूट रुंदीची पाटी लावावी आणि तीवर या कायद्याचे संपूर्ण नाव लिहावे, असं त्यात होतं. काकांनी लिहिलं, की कायद्याच्या नावात एकोणीस शब्द आहेत, ते एक फुटात बसवायचे तर अक्षर मुंगीएवढं होईल, आणि ते वाचायला गिऱ्हाईक दाराला नाक लावून उभं राहील. खाली सही केली. कलम सातबद्दल अवाक्षर नाही. आयुष्यात पहिल्यांदा कमी मापाचा माल दिल्यासारखं त्यांना वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी विधेयक अकरा मिनिटांत मंजूर झालं. विरोधकांनी सभात्याग केला होता, पण तो दुसऱ्याच कशासाठी तरी. पाटी तेवढी दोन फुटांची झाली.

पाचव्या दिवशी महापालिकेचा निरीक्षक दारात उभा. कोवळा, नवी नोकरी, हातात छापील फॉर्म. "काकू, अभिनंदन. कलम सातची मोजणी तेवढी करतो, की झालं."

त्याने खिशातून टेप काढला आणि खेचला. टेप साडेतीन फुटांवर अडकला आणि पुढेही येईना, मागेही जाईना. त्याने दोनदा झटकला. मग ओशाळून म्हणाला, "काका, तुम्ही तर वजनमापेवाले. तुमच्याकडे चांगला टेप असेलच की."

कपाट काकांच्या पाठीशी होतं. स्टीलचा टेप दुसऱ्या खणात, शिक्का वर करून ठेवलेला. चौतीस वर्षांची सगळी दुकानं काकांच्या डोळ्यांसमोरून गेली, सगळी जप्त केलेली मापं, सगळे रडणारे दुकानदार.

"ही घ्या ना," काकू म्हणाल्या आणि त्यांनी गळ्यातली पट्टी काढली. साठ आकड्याचं टोक निरीक्षकाला दिलं आणि दुसरं टोक काकांच्या हातात ठेवलं. "धरा हो जरा."

काकांनी ते टोक शेगडीशी धरलं. अंगठा जळक्या कडेवर घट्ट दाबला. निरीक्षकाने साठावर खडूने खूण केली. काका त्या खुणेशी येऊन खाली बसले आणि पुन्हा अंगठा दाबून टोक धरलं. गुडघे कुरकुरले. निरीक्षक यंत्राशी पोचला.

"साठ आणि साठ, एकशे वीस," तो म्हणाला. "दहा फूट. बरोब्बर आलं बघा." फॉर्मवर खूण करून, सही घेऊन, काकूंनी दिलेलं पाणी पिऊन तो गेला.

काका अजून जमिनीवरच बसले होते. अंगठा पांढरा पडला होता.

"पहिला इंच नाहीये गं तिला," ते हळूच म्हणाले.

काकूंनी पट्टी उचलून गळ्यात टाकली आणि यंत्रावरचं कापड काढलं.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून तर ते टोक तुमच्या हातात दिलं."