जहाजावरची शिडी

"अबे, जहाजावर शिडी काऊन काढली बे?" स्वागत समितीचे अध्यक्ष असे गरजले, की नांदुरा स्टेशनावरची कबुतरं थेट भुसावळला जाऊन बसली.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंनवं होतं. कोकणातल्या एका बंदराच्या शहराचे नगराध्यक्ष पाहुणे येणार होते. त्यांच्या शहराचं बोधचिन्ह स्टेशनाबाहेरच्या स्वागतकमानीवर रंगवून घ्यायचं काम माझ्याकडे, म्हणजे नगरपालिकेच्या कच्च्या कारकुनाकडे होतं. त्यांच्याकडून आलेल्या पत्रात होतं, "लाटा, त्यांवर जहाज, जहाजाला शीड." मी ते पेंटरला वाचून दाखवलं. त्यानं पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, सऱ्यांसारख्या लाटा काढल्या आणि जहाजावर बारा पायऱ्यांची शिडी उभी केली. गाडी तर सिग्नलला आलेली. माझी नोकरी मला त्याच शिडीवरून उतरताना दिसली. पेंटर मात्र ब्रशाच्या दांडीनं निवांत पाठ खाजवत होता.

पाहुणे कमानीखाली थांबले. "ही शिडी कशाची?"

पेंटर म्हणाला, "साहेब, समुद्रातून आलेल्या माणसाले तुमच्या गावात वर चढाले नको का?"

पाहुण्यांनी त्याला मिठीच मारली. पांढऱ्या कोटावर लाल, निळा, हिरवा, सगळे रंग उमटले. पुढे दीड तासाचं भाषण त्या एका शिडीवर चाललं. टाळ्या पडत होत्या, आणि मी पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

संध्याकाळी मी पेंटरला विचारलं, "एवढा अर्थ तुम्हाला सुचला कसा हो?"

"शीड कोणं पाह्यलं?" तो म्हणाला. "शिडी रोज पायाखाली असते."