बाहेरचं बाकडं

नलिनी गेल्याचं मला ऑफिसात फोनवर कळलं. फोन तिच्या धाकट्या भावाचा होता. काविळीचं निमित्त झालं, आठ दिवसांत सगळं आटोपलं, असं तो म्हणाला. मी "हो, हो" म्हणत राहिले आणि फोन ठेवल्यावर समोरचा करारनामा आधी तपासून संपवला. मग रडले. नलू असती तर म्हणाली असती, "शुभे, तुझं नेहमी असंच. आधी कागद." त्याला आता पाच आठवडे झाले. एवढ्या दिवसांत मी चार वेळा लिहायला बसले आणि चारही वेळा तिचं कौतुक लिहून फाडून टाकलं. कौतुक खोटं नव्हतं, पण त्याच्या आडून मी स्वतःची सुटका करून घेत होते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. गरिबांना मोफत कायद्याची मदत देणाऱ्या एका संस्थेनं कायद्याच्या विद्यार्थ्यांना वर्षभर गावांत पाठवायची फेलोशिप काढली. नलूनं स्वतःचा अर्ज भरला आणि मला न विचारता माझाही. आमच्या वाट्याला तुर्भ्याच्या पुढचं खाडीकाठचं एक गाव आलं. नवं शहर उठायचं होतं, म्हणून भोवतीच्या शेतांना आणि मिठागरांना संपादनाच्या नोटिसा लागल्या होत्या. देवळाशेजारच्या खोलीत आमचं केंद्र होतं. एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक बाकडं. आम्ही दादरच्या दोघी चपला हातात घेऊन बांधावरून तोल सावरत यायचो, आणि गावच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, "आल्या वकीलबाया!" नलूला त्याचं कोण सुख! मला मात्र चपलांची काळजी.

एका दुपारी चांगुणाबाई दोन भावांबरोबर आली. नवऱ्यानं टाकलेली, चाळिशीची, बापाच्या जुन्या घराच्या पडवीत राहणारी. बाप वारला होता आणि भावांना तिचं हक्कसोडपत्र करून हवं होतं, म्हणजे जमिनीतला आणि घरातला तिचा वाटा तिनं आपणहून सोडल्याचा कागद. तिकडे ही रीतच होती. बहीण सही देते, भाऊ साडीचोळी देतात आणि माहेर चालू राहतं. कागद मी लिहिला. सोप्या मराठीत, एकही शब्द अडणार नाही असा, आणि लिहून झाल्यावर स्वतःवरच खूश झाले. नलूनं तो तिला मोठ्यानं तीनदा वाचून दाखवला आणि विचारलं, "समजलं का?"

"समाजलं," चांगुणाबाई म्हणाली. "भाव हायेत माझं. येनं-जानं ऱ्हायला पायजे ना..."

बोलताना ती नलूकडे नाही, भावांकडे बघत होती. नलूला ते दिसलं. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "यांना जरा बाहेर बसायला सांगू या का? हिला एकटीला विचारू या." मी घड्याळ बघितलं. "शेवटची एसटी जाईल, नले. उगाच घोळ घालू नकोस." एवढंच बोलले मी. मग चांगुणाबाईनं अंगठा दिला, आणि दुसऱ्या दिवशी भावांनी तिला कचेरीत नेऊन कागद नोंदवूनही टाकला.

पुढचं सांगायला फार लागत नाही. जमीन गेली, भावांना मोबदला मिळाला, जुनं घर पाडून त्यांनी स्लॅबचं बांधलं आणि नव्या घराला पडवी नव्हती. चांगुणाबाई तुर्भ्याच्या खाणीजवळ झोपडीत राहायला गेली आणि खडी फोडू लागली. ज्या येण्याजाण्यासाठी तिनं सगळं सोडलं, ते येणंजाणं वर्षभरसुद्धा टिकलं नाही.

फेलोशिप संपली. मी फोर्टातल्या एका कंपनीत नोकरी धरली. नलू त्याच गावात राहिली. सनद घेतली, ती खोली भाड्यानं घेतली आणि तो कागद रद्द व्हावा म्हणून चांगुणाबाईतर्फे ठाण्याच्या कोर्टात दावा लावला. आतलं बाकडं तिनं बाहेर, भेंडीच्या जुन्या, सावलीच्या झाडाखाली नेऊन टाकलं. मग कुणी कुठलाही कागद करायला येवो, नातेवाइकांनी त्या बाकड्यावर बसायचं आणि सही देणाऱ्यानं एकट्यानं आत यायचं. दार लावून ती विचारायची, "हे तुम्हाला हवंय का?" लोक वैतागायचे, तिला चक्रम म्हणायचे, पण बसायचे.

दाव्यात साक्षीला ये, म्हणून ती माझ्याकडे तीनदा आली. त्या दिवशी चांगुणाबाईला एकटीला विचारलं नव्हतं, एवढंच मी शपथेवर सांगायचं होतं. पहिल्यांदा मी म्हटलं, आठवत नाही. दुसऱ्यांदा म्हटलं, कंपनीला चालणार नाही. तिसऱ्यांदा चिडून म्हणाले, "दोन शिकाऊ पोरींची चूक चव्हाट्यावर मांडून तुला काय मिळणार आहे?" नलू उठली, चहाचा कप स्वतः विसळून ठेवला आणि गेली. एसटीबद्दल ती एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर मला भांडता तरी आलं असतं! आमची ती शेवटची भेट... दावा अजून चालू आहे. साक्षीदारांच्या यादीत माझ्या नावापुढे तिनं पेन्सिलीनं 'येईल' असं लिहून ठेवलं होतं. ते मी गेल्या रविवारी बघितलं.

त्या रविवारी मी तिच्या फायली बघायला गावात गेले होते. आता खोलीपर्यंत डांबरी रस्ता झाला आहे, चपला हातात घ्याव्या लागत नाहीत. किल्ली चांगुणाबाईकडे असते, केर तीच काढते. तिनं मला ओळखलं आणि केर काढत राहिली. मी वाट अडवल्यासारखी उभी राहून घाईघाईनं म्हटलं, "चांगुणाबाई, मी येते साक्षीला. सगळं सांगते. दावा आपण पुढे चालवायचा."

तिनं केरसुणी भिंतीला टेकवली.

"मना इचारता, का सांगता?"

तिच्याबरोबर तिचा थोरला भाचा आला होता, दारातून आत डोकावत होता. माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत तो आपणहून मागे फिरला आणि भेंडीखालच्या बाकड्यावर जाऊन बसला. मी दार लावून घेतलं. नलूच्या खुर्चीत बसायचा धीर झाला नाही, म्हणून चांगुणाबाईला तिथे बसवलं आणि उभ्यानंच तिला विचारलं.