उकळत्या पाण्यातले रुमाल

लॉन्ड्रीत तिला सगळे डागवाल्या काकू म्हणत. तीस वर्षं तिचा एकच प्रश्न, "डाग कशाचा?" ते न विचारता कपड्याला पाणी लावणाऱ्याची ती अशी खरडपट्टी काढायची की मालकसुद्धा दारातूनच मागे फिरे.

नव्या मुलींना ती सांगायची, "शरीरात ज्याचं त्याचं काम ठरलेलं असतं. चरबी अडीअडचणीसाठी साठून राहते. तिला गरम पाणी आणि साबण. रक्तातलं प्रथिन लोह धरून ठेवतं, अंगभर प्राणवायू पोचवतं. त्याला फक्त थंड पाणी. गरम घातलंत तर उकडलेल्या अंड्यासारखं घट्ट होऊन बसेल. तसं झालंच, तर मग ही एन्झाइमची पावडर. असली एन्झाइम आपल्या पोटातही असतात. या पावडरीतलं एन्झाइम फक्त प्रथिन तोडतं, बाकी कशाला हात लावत नाही."

तिचा नवरा निवृत्त बसड्रायव्हर. आयुष्यात कधी कप न विसळलेला माणूस महिनाभर आपले रुमाल स्वतः उकळून धूत होता. तिने आधी चेष्टा केली. मग एका सुट्टीच्या दिवशी दोरीवरचे रुमाल काढताना तिला तपकिरी डाग दिसले.

"अहो, हे कशाचे?"

"गंजाचे गं. खिशात खिळे होते." तो तोंड फिरवून खोकला.

तिला ते खरं मानायचं होतं. गंज लिंबाने जातो. तिने लिंबू पिळून एक रुमाल उन्हात टाकला. दुपारपर्यंत डाग तसूभर हलला नाही.

मग तिने तो कोमट पाण्यात, पावडरीत बुडवला. गंज असेल तर पावडर त्याला शिवणार नव्हती. जन्मभर डागांच्या हात धुऊन मागे लागलेली ती बाई बादलीशेजारी बसून या एका डागाला विनवत होती, जाऊ नकोस. हळूहळू त्याची कड फिकी झाली. पाणी गढुळलं. तासाभराने रुमाल पांढराशुभ्र होता, आणि इतकी भीती तिला कधीच वाटली नव्हती.

तो दारात आला. "निघाला का डाग?"

"निघाला." तिने रुमाल पिळून बाजूला ठेवला. "खोकल्यातून रक्त कधीपासून पडतंय?"

तो तिच्याशेजारी ओल्या फरशीवर बसला. "तू घाबरशील म्हणून उकळत होतो. म्हटलं, गरम पाण्याने काहीही जातं."

तीस वर्षं घरीही तिची तीच टकळी चालू असायची. थंड पाण्यात धुतले असते, तर तिला काहीच कळलं नसतं.

"बरं झालं, कधी माझं ऐकलं नाहीत," ती म्हणाली. "चपला घाला. दवाखान्यात जायचंय."