बोलावणं दोघांना

पुण्याहून निघालेल्या गाडीनं दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला बेंगळुरूला उतरवलं. फलाटावर माझे पती वसंत मला काही म्हणाले, पण घशातून नुसती घरघर आली. सातपुड्यातल्या पाड्यांवर आम्ही बावीस वर्षं मिशनचं काम केलं. तिथं उपदेश करणाऱ्या या माणसाच्या स्वरयंत्रातच गाठ निघाली होती.

बसवनगुडीत शांताक्कांकडे खोली मिळाली. त्या तिथल्या जुन्या मराठी घरातल्या. "ऊटा (जेवण) झाली काय? स्वल्प (थोडं) तरी खावा," म्हणत त्या नाचणीचा गरम मुद्दे (उकडीचा गोळा) वाढायच्या. मुद्दे चावायचा नसतो, नुसता गिळायचा. ह्यांना तेही जमेना.

ज्यांच्यासाठी एवढ्या लांब आलो, त्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. स्वरयंत्र काढलं तर जीव वाचेल, आवाज जाईल.

खोलीवर आल्यावर हे कुजबुजले, "मग नकोच. प्रभूनं मला बोलायला बोलावलं. मुका होऊन तिथं काय करू?"

"बोलावणं दोघांना आलं होतं," मी म्हणाले. "बाळंतिणींपाशी मी बसले, पोरांना अक्षरं मी शिकवली. ते सगळं तुमच्या उपदेशाची पुरवणी होती का?"

इतक्या वर्षांत मी असं कधी बोलले नव्हते. हे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. सकाळी मात्र म्हणाले, "चल, सही करतो."

शस्त्रक्रियेनंतर मला आत सोडत नव्हते. ह्यांना लिहायला पाटी हवी, म्हणून जयनगरला निघाले आणि चुकीच्या बसमध्ये चढले. उतरले ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, मारतहळ्ळीत. चारी बाजूंना गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली तरुण माणसं घाईनं चाललेली. तिथल्या बसथांब्यावर प्रार्थना करायला डोळे मिटले, तर एक शब्द सुचेना. एवढं एकटं मला डोंगरातही कधी वाटलं नव्हतं.

शेजारी एक मुलगी फोनवर म्हणत होती, "आई, जेवले गं मी, खरंच." मी नुसती ऐकत राहिले. फोन ठेवून तिनं विचारलं, "काकू, रडताय का? कुठं जायचंय?" तिनंच मला जयनगरच्या बसमध्ये बसवून दिलं.

दोन दिवसांनी ह्यांनी पाटीवर पहिलं वाक्य लिहिलं: 'प्रार्थना तू कर. मोठ्यानं.'

ह्यांच्यासमोर मी कधीच मोठ्यानं प्रार्थना केली नव्हती. कशीबशी तीन वाक्यं निघाली. ह्यांनी डोळे मिटून ऐकली आणि 'आमेन' लिहिलं.

पाड्यावर परतलो त्या रविवारी शास्त्रवाचन मी केलं, चार शब्द बोललेही मीच. हे गळ्याला पांढरा रुमाल बांधून पुढच्या सतरंजीवर लोकांत बसले होते. उपासनेनंतर लोक ह्यांच्याजवळ येऊन बसले, पूर्वीपेक्षा जास्त वेळ. प्रभूनं बोलावणं मागे घेतलं नव्हतं, एवढं मला कळलं.

तरी एक गोष्ट मी प्रार्थनेतसुद्धा अजून बोलून दाखवलेली नाही. इथं मी सगळ्यांची 'बाई'. 'सुलभा' म्हणणारे एकटे हेच होते. आता काही हवं असलं की हे दोन टाळ्या वाजवतात. मी "आले" म्हणते आणि जाते.