टोप्या उतरवायला सांगणारे रतनअप्पा

गिऱ्हाइकाचा एकदा यथासांग अपमान केल्याशिवाय फोटो काढायला रतनअप्पांचं बोट बटणावर जात नसे. शहाद्यात त्यांच्या स्टुडिओला लागूनच माझा स्टुडिओ. मधे एक भिंत, तीही प्लायवूडची. त्यामुळे प्रत्येक अपमान मला बसल्या जागी ऐकू यायचा. बायोडाट्यासाठी फोटो काढायला आलेल्या मुलाला ते विचारत, "इतलं तोंड का पाडं रे भो? पोरगी पाहाले जाई ऱ्हायना का पोलीस चौकीले?" नव्या सुनेला सांगत, "आते अशी हास, जशी सासू आठ दिन माहेरले गयी." ती खुदकन हसायची आणि तेवढ्यात अप्पा काम उरकायचे. लोक पैसे देऊन बोलणी खायला रांग लावत.

माझ्याकडे बोलणी नव्हती, रांगही नव्हती. माझ्याकडे ज्ञान होतं. माणूस किती लांब उभा आहे, छत किती उंच आहे, मागची भिंत कुठल्या रंगाची आहे, हे सगळं पाहून मी फ्लॅशचा जोर हाताने ठरवायचो. माझ्या फोटोतली माणसं अत्यंत स्वच्छ दिसत. कंटाळलेली, पण स्वच्छ. अप्पा दारातून डोकावून म्हणत, "मौनीबाबा, फोटो काढी ऱ्हायना का जमीन मोजी ऱ्हायना?" मी उत्तर देत नसे. मी कोणालाच देत नसे. गाव त्याला गंभीर स्वभाव म्हणायचं. खरं तर तो मत्सर होता, पण मत्सराला तोंड नसलं की तो बराच सभ्य दिसतो.

खापर गावच्या एका लग्नात अप्पांचा जुना फ्लॅश कायमचा विझला. दुसऱ्या दिवशी ते मोबाइलवर दोन फ्लॅशची चित्रं घेऊन माझ्याकडे आले. स्टुलावर बसले आणि चक्क नम्रपणे म्हणाले, "तू शिकेल माणूस शे. सांग, ऑटोमॅटिक लेऊ का मॅन्युअल?"

ऑटोमॅटिक फ्लॅश कुठे ठेचकाळतो, हे मला नेमकं माहीत होतं. समोरून परत येणारा उजेड मोजून तो आपला जोर स्वतः ठरवतो. समोर पांढरं जास्त असलं की त्याला वाटतं, उजेड फार झाला. मग तो हात आखडता घेतो आणि चेहरे काळवंडतात. अप्पांची सगळी मिळकत तापीकाठच्या गुजर मंडळींच्या लग्नांवर. पांढरी टोपी, पांढरा सदरा, पांढरं धोतर. याला उपायही होता. फ्लॅशच्याच एका बटणाने उजेड थोडा वाढवायचा, की झालं.

मी म्हणालो, "ऑटोमॅटिक घ्या अप्पा. तुमचं सगळं लक्ष बोलण्यात असतं. तो आपला आपण सांभाळून घेईल."

बटणाचं काही बोललो नाही. मितभाषी माणूस ना मी!

अप्पा सुरतेला जाऊन फ्लॅश घेऊन आले. पहिलंच लग्न एका मोठ्या केळीवाल्याकडचं. फोटो अप्पांचे, व्हिडिओ माझा. नवरदेवाचे आजोबा आणि त्यांचे भाऊ आहेर द्यायला स्टेजवर चढले आणि ओळीने उभे राहिले. अप्पांनी फोटो काढून कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिला. टोप्या लख्ख, आणि त्यांच्याखाली ओळीने वांगी! पुन्हा काढला, पुन्हा वांगी. घाम पुसत ते जरा विचारात पडले आणि त्यांच्या तल्लख डोक्यातून एक तोडगा निघाला.

"आबा, जरा टोप्या काढा. टोप्यासपायी तोंडं काये ई ऱ्हायनात."

आमच्याकडे डोकं उघडं करतात ते सुतकात. भर मांडवात, वरपक्षाच्या वडीलधाऱ्यांना, नवरा-नवरी शेजारी असताना हे सांगायचं म्हणजे कमालच. बँडवाल्यानेसुद्धा तोंडातली पिपाणी काढली.

"कोन मरी गयं रे आठे?" आजोबांनी विचारलं.

अप्पा फ्लॅशचं शास्त्र समजावू लागले. ज्या जिभेने त्यांना जन्मभर तारलं, तीच त्या दिवशी त्यांना बुडवत होती. जितकं बोलत, तितकं वरपक्षाला वाटे की हा आपल्याला काळतोंडे म्हणतो आहे. शेवटी त्यांना स्टेजवरून खाली उतरवलं. मी चार पावलांवर उभा होतो. एक बटण दाबलं असतं, तर सगळं मिटलं असतं. मी व्हिडिओ चालू ठेवला. नीट आला, अजिबात हलला नाही.

उरलेले फोटो मीच काढले, मॅन्युअल फ्लॅशने. सगळे टोपीसकट स्वच्छ. पुढच्या हंगामापासून नदीकाठची लग्नं माझ्याकडे आली. भिंतीपलीकडचे अपमान कमी होत गेले आणि मग बंदच झाले, कारण अपमान करून घ्यायला कोणी येईना.

दोन वर्षांनी अप्पांच्या मुलाने त्यांना सुरतेला बोलावून घेतलं. टेम्पोत सामान चढत होतं. मी बाहेर येऊन उभा राहिलो आणि मनाची तयारी व्हायच्या आतच बोलून गेलो, "अप्पा, मी फ्लॅशचा सल्ला मुद्दाम दिला होता. पांढऱ्याने तो फसतो, हे मला माहीत होतं. त्यावरचा उपायही माहीत होता."

ते स्टुडिओतल्या पडद्याची गुंडाळी बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "फसस, हाई ते मालेबी माहीत व्हतं. सुरतना दुकानदारनी सांगं व्हतं, टोपीवाला गिऱ्हाईक शे ते मॅन्युअल ली जा."

"मग ऑटोमॅटिक का घेतलात?"

"इतला वरीस भिंतआड बठना तू. पयलींदाव माले काही सांगं. म्हनं, हाऊ माणूस मन्हासाठे तोंड उघाडी ऱ्हायना, आते याना शबद कसा मोडू?"

 

अप्पांनी दोराचं एक टोक माझ्याकडे फेकलं. "धर आते. आनि गाठ कशी बांधू, हाई मातर सांगू नको."

मी दोर धरला.