फॉरेस्ट, अरेस्ट, रेस्ट

कामोठ्याच्या क्लासमध्ये आज शेवटच्या बॅचसाठी मी ‘रेस्ट’ने संपणारे शब्द फळ्यावर लिहीत होते. खांदा भरून आला होता. खडूच्या वासासरशी मला आजोळची, चिरनेरची ओटी आठवली.

पाचवीत असताना तिथे बसून मी हेच शब्द घोकत होते. फॉरेस्ट म्हणजे जंगल, रान. अरेस्ट म्हणजे अटक, कैद. शेजारी आजोबा सुपारी कातरत होते. त्यांचा हात थांबला.

“ये दोनी शब्द इंग्रजांनी आमाला एकाच दिवशी शिकवलं,” ते म्हणाले. “रान आमचा, तरी लाकडं तोडली म्हनून गोली घातली. माझे बाजूचा मानूस पडला, नि मना धरून नेला. फुडं वाच.”

“रेस्ट. विश्रांती, आराम.”

“तो नाय शिकवला,” म्हणत ते गुरांना पाणी पाजायला उठले.

मी हसले होते. बाजूला पडलेला तो माणूस त्यांचा धाकटा भाऊ होता, हे आजोबा गेल्यावर आईने सांगितलं.